आरती म्हणता येते, मग पाणी का मागता येत नाही?

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. सात महिन्यांपूर्वी मिस्टरांना लकव्याचा झटका आला. आता ते चालतात, उजवा हात कमजोर आहे. पण बोलायला गेले की नुसतं ‘ते... ते... हे’. आरती मात्र शेवटपर्यंत म्हणतात, चिडले की शिवीही स्वच्छ येते! सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतोय. मलाही तसंच वाटायला लागलंय. पूर्वी रोज गंगावेशीत दूध कट्ट्यावर ताजं दूध प्यायला जायचे. आता लोक हसतील म्हणून घर सोडत नाहीत.

उत्तर: ताई, ते मुद्दाम करत नाहीत. सासूबाईंना हे सांगाल तेव्हा मिस्टरांसमोरच सांगा. तुमच्या पत्रावरून वाटतं, त्यांना बरंच कळतंय.

याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि तीच बाजू उजवा हात हलवते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण पाहिला. काहीही विचारा, तो ‘तान, तान’ एवढंच म्हणे. संतापला की शिवी मात्र बाहेर पडे. आरती, शिवी, एक ते दहा आकडे हे सगळं सवयीनं तोंडात बसलेलं असतं. ‘मला पाणी दे’ म्हणायला मात्र एकेक शब्द शोधून जुळवावा लागतो, आणि घाव नेमका तिथेच बसलाय.

त्या आरतीचाच उपयोग करा. ‘पाऽणी द्या’ असं सुरात म्हणा, त्यांच्या डाव्या हातानं मांडीवर ताल धरायला लावा. काहींना यानं वाट सापडते. स्पीच थेरपिस्ट हे नीट शिकवतात. आधी त्यांना गाठा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगानं होते, पुढे हळू, पण वर्षांनंतरही होत राहते. सात महिने झाले, आता काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

‘मग लिहून दाखवा’ असा आग्रह नको, लिहिणंही बहुधा अडलेलं असतं. टीव्ही बंद करा, चहा आणि पाणी दोन्ही समोर धरून विचारा, आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. शब्द लगेच पुरवू नका. मोठ्यानं ओरडायची गरज नाही, कान शाबूत आहेत.

मला सगळ्यात लागलं ते दूध कट्ट्याचं. झटक्यानंतर मन खचणं फार जणांना होतं, त्यावर उपचारही आहेत. जेवण-झोप उडाली असेल तर डॉक्टरांना सांगाच. पण कट्ट्यावरचा एखादा मित्र, गप्प बसून सोबत देणारा, घरी बोलवा. मिस्टरांच्या खिशात चिठ्ठी ठेवा: ‘मला सगळं समजतं, बोलायला वेळ लागतो.’ मग एका संध्याकाळी दोघांना पाठवा. कट्ट्यावर तोंडानं काही मागावं लागणार नाही; रोजच्या गिऱ्हाईकाचा पेला दूधवाल्याला ठाऊक असतो. तेवढा तास तुम्ही निवांत पडा, ताई.