मेल्यावर माणसाच्या शरीराचं आणि आतल्या अवयवांचं नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात आजोबा दुपारी वारले. संध्याकाळी तिरडीवर घेताना त्यांच्या तोंडातून 'हं' असा आवाज आला, अंगही गरमच होतं, आणि तेव्हापासून आजी म्हणते, "जीव होता त्यायच्यात, तुमी घाई केली." आधी त्याचंच उत्तर देतो, बाकीचं मागाहून. जीव नव्हता. तुम्ही घाई केली नाही. हे आजीला आज रात्रीच जवळ बसून सांगा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कक्षसेवक आहे. १९ वर्षं झाली, पीएमच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टर साहेबांच्या हाताखाली उभा राहतो. विहिरीत पडलेले, वीज पडलेले, साप चावलेले, फवारणीच्या औषधानं गेलेले, सगळे आमच्याकडे येतात. जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि साहेब लोकांनी समजावून दिलेलं आहे.

आवाजाचं असं आहे. श्वास थांबला तरी फुप्फुसात थोडी हवा उरते. चार जणांनी अंग उचललं, कमरेत वाकलं, पोटावर दाब आला की ती हवा गळ्यातून निघते आणि कण्हल्यासारखा आवाज होतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही घाबरून मागे सरलो होतो. साहेबांनी छातीवर हात ठेवून हलका दाब दिला, पुन्हा तोच आवाज आला. तेव्हा समजलं.

आणि अंग गरम राहण्याचं कारण आपला उन्हाळा. चूल विझल्यावर तवा जसा हळूहळू निवतो, तसं शरीर भोवतालच्या हवेइतकं होईपर्यंत निवत जातं. थंडीच्या दिवसांत तासाला साधारण अर्धा अंश उतरतो. पण जिवंत माणसाचं अंग ३७ अंशांचं, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर. टिनाच्या छपराखाली ठेवलेलं अंग निवणार कुठून? म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात अंगाला हात लावून वेळ सांगणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

आता मुळापासून. हृदय थांबलं की रक्त थांबतं, आणि रक्ताशिवाय मेंदू ४ ते ६ मिनिटांत कायमचा बिघडायला लागतो. माणूस जातो तो तिथेच. पण शरीर एकदम जात नाही, किस्तीनं जातं. हातापायाचे स्नायू, कातडी, हाडं यांच्यातल्या पेशी त्यानंतरही काही तास टिकून असतात. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा तर आणखी वेगळा. त्याच्यात रक्तवाहिनीच नसते, तो ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून घेतो. म्हणून तो चांगला राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थांबलेलं रक्त पाण्यासारखं खालच्या बाजूला उतरतं. उताणं ठेवलं तर दोन-तीन तासांत पाठ जांभळी-लाल दिसायला लागते, आणि ६ ते १२ तासांत तो रंग पक्का बसतो. यावरून आमच्याकडे किती भांडणं झालीत! एकदा वावरातल्या झोपडीत खाटेवर झोपलेला एक सालदार रात्री गेला. त्याच्या भावानं अंग पालथं केलं आणि ओरडायला लागला, "पाहा न जी, पाठ कशी काळीनिळी केली हाय मालकानं!" बाहेर पन्नास माणसं जमा. साहेबांनी भावाला आत बोलावलं, दिवा जवळ धरायला सांगितला. जांभळ्या पाठीवर पांढऱ्या रेघांची जाळी उमटली होती, हुबेहूब खाटेच्या सुतळीची. जिथे सुतळी दाबून होती तिथे रक्त उतरलंच नव्हतं. मग साहेबांनी कातडीला बारीक चीर दिली, रक्त पाण्यानं धुऊन गेलं. मार असता तर रक्त मांसात मुरून बसलं असतं, धुऊन निघालं नसतं. भाऊ बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिला. आत उघडल्यावर दोष हृदयाचा निघाला.

दोन-तीन तासांनी अंग ताठायला लागतं. स्नायू सैल व्हायलाही ताकद लागते, आणि ती बनवणं बंद झालेलं असतं, म्हणून ते आहेत तसे अडकून बसतात. आधी पापण्या, मग जबडा, मान, मग हात, शेवटी पाय. पूर्ण ताठायला साधारण १२ तास, मग तेवढाच वेळ तसंच राहतं, मग ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं सुटतं. उन्हाळ्यात हे सगळं लवकर उरकतं. म्हणूनच म्हातारी माणसं लगोलग डोळे मिटवतात, हनुवटीखालून फडकं बांधतात, पायाचे अंगठे एकत्र बांधतात. उशीर केला तर तोंड उघडंच राहतं, आणि घरच्यांच्या मनात तोच चेहरा बसतो.

आतल्या अवयवांचं तुम्ही खास विचारलंय. जठर आणि स्वादुपिंड अन्न पचवणारे रस तयार करतात. जिवंतपणी शरीर स्वतःला त्या रसांपासून सांभाळतं, मेल्यावर ती राखण उठते आणि रस स्वतःच्याच अवयवाला पचवायला लागतात. आतड्यातले जंतू तर जन्मभर तिथेच राहिलेले, त्यांना आता अडवणारं कोणी नाही. त्यांचं काम पहिल्यांदा बाहेरून दिसतं ते पोटाच्या उजव्या बाजूला खाली. हिरवट डाग येतो, उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत, हिवाळ्यात एक-दोन दिवसांनी. मोठं आतडं तिथून सुरू होतं आणि कातडीला जवळ असतं, म्हणून तिथे. मग गॅस धरतो, पोट फुगतं. विहिरीत बुडालेला माणूस उन्हाळ्यात एखाद्या दिवसात आणि थंडीत दोन-तीन दिवसांनी वर येतो तो याच गॅसनं.

जठर, आतडी, प्लीहा, यकृत आणि मेंदू लवकर जातात. मेंदू तर पिठल्यासारखा पातळ होतो. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं त्यांच्यामागून. सगळ्यात चिवट म्हणजे बाईची गर्भपिशवी आणि पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी. जंगलात खूप दिवसांनी सापडलेला मृतदेह बाईचा की पुरुषाचा, हे कधीकधी त्यावरूनच ठरतं. केस-नखं मेल्यावर वाढतात असं गावात म्हणतात, ते खरं नाही. कातडी सुकून मागे सरते, म्हणून नखं लांब वाटतात.

सरणावर 'मढं उठून बसलं' हेही तुम्ही ऐकलं असेल. आगीनं स्नायू आखडतात, कोपर-गुडघे दुमडतात, अंग हलल्यासारखं दिसतं. त्यात जीव नसतो. राख सावडताना हाती येतात ती मुख्यतः चुन्याच्या क्षारांची उरलेली हाडं. महानुभाव पंथाचे लोक पुरतात, आपल्याकडचे बरेच गोंडही पुरतात, आणि ९ फेब्रुवारी २००८ ला बाबा आमटे गेले तेव्हा त्यांनाही आनंदवनात पुरलंच. पुरलेलं शरीर उघड्यावरच्या मानानं फार सावकाश विरघळतं. हवेत एका आठवड्यात जे होतं त्याला मातीत आठ आठवडे लागतात, असा जुना हिशोब आहे.

आता जे मला खरं सांगायचंय ते. हृदय, यकृत, मूत्रपिंड दुसऱ्याला द्यायचं तर माणूस दवाखान्यात, मशीनवर, मेंदू मृत झालेला लागतो. १९९४ च्या कायद्यात तशी सोय आहे आणि विदर्भासाठी त्याचं समन्वय केंद्र नागपूरला आहे. खेड्यात घरी गेलेल्या माणसाचे हे अवयव देता येत नाहीत. पण डोळे देता येतात. ६ तासांच्या आत. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, शुगर असो, वय ८० असो. अर्ध्या तासाच्या आत काम होतं, चेहरा बिघडत नाही, आणि दोन आंधळ्या माणसांना दिसायला लागू शकतं.

माझ्या मायनं डोळे द्यायचा कागद भरला होता. एप्रिलमध्ये रात्री दोनला ती गेली. मी ड्युटीवर. घरी सगळे रडण्यात, पंखा वरून फुल्ल चालू, डोळे अर्धे उघडे. बहीण अमरावतीहून येईपर्यंत कोणाला फोनच सुचला नाही. साडेनऊला फोन केला. उशीर झाला म्हणाले. तोवर पडदे सुकून गढूळ झाले होते. मीच घरात कोणाला सांगून ठेवलं नव्हतं, आणि एवढी वर्षं मी हेच काम करतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. माणूस गेला की पंखा-कूलर बंद करा, पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच जवळच्या नेत्रपेढीला फोन करा. ज्यांना पूर्ण देहच द्यायचा आहे त्यांनी सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात जिवंतपणीच विचारून ठेवा. पोरं त्याच्यावर डॉक्टरकी शिकतात. पीएम झालेला देह बहुधा घेत नाहीत, तेवढं ध्यानात असू द्या.

आमचे बाबा ८१ वर्षांचे आहेत. मायच्या तेराव्यानंतर त्यांनी नेत्रपेढीचा नंबर माझ्याकडून मागून घेतला आणि पंख्याच्या बटणाशेजारी भिंतीवर खडूनं मोठ्या आकड्यांत लिहिला. पुसट झाला की स्वतःच पुन्हा गिरवतात.