जिना चढताना छाती भरून येते, पण ईसीजी नॉर्मल

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे, शुगर आहे. दोन जिने चढले की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, थांबले की पाच मिनिटांत जातं. ईसीजी नॉर्मल आलाय, मग ॲसिडिटीच ना?

उत्तर: नाही हो, असं धरून बसू नका. ईसीजी आडवं झोपवून काढतात, तेव्हा हृदयाला रक्त पुरतं म्हणून तो नॉर्मल येऊ शकतो, पण रक्तवाहिनी चरबीच्या थराने ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली असेल तर चढताना रक्त कमी पडतं आणि छाती भरून येते. याच आठवड्यात कार्डिऑलॉजिस्टकडे न्या, ते टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) सांगतील, गरज वाटली तर अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी). शुगरवाल्यांना कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो, तेही बाबांना विचारा. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला तर लगेच १०८ ला फोन करा.