रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, शुगर असेल का?

असू शकते, पण नुसतं उठण्यावरून काही ठरत नाही. आमच्या बाबांचं असंच झालेलं, उशाशी तांब्या भरून ठेवायचे आणि पहाटेपर्यंत रिकामा, आम्ही आपलं म्हणायचो उन्हाळा आहे. होतं काय की रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की किडनी ती लघवीतून बाहेर टाकायला लागते आणि सोबत पाणीही ओढून नेते, म्हणून लघवी जास्त, घशाला कोरड, परत पाणी, परत बाथरूम, चालूच राहतं ते रात्रभर. तळपायांची आग, मुंग्या हेही रात्रीच जास्त जाणवतं, बाबा पाय थंड फरशीवर टेकवून बसायचे. आता प्रोस्टेट, युरिन इन्फेक्शन, बीपीची ती लघवी वाढवणारी गोळी, झोपताना घेतलेला चहा यानेही उठावं लागतंच, त्यामुळे अंदाज बांधत बसू नका, उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या. उपाशीपोटी 126 किंवा एचबीएवनसी 6.5 टक्के, तेवढं किंवा त्याच्या पुढे आलं तर डायबेटिस धरतात, बहुतेक वेळा दुसऱ्यांदा टेस्ट करून खात्री करतात. वजन भराभर उतरतंय, उलट्या होतायत, धाप लागतेय असं असेल तर मात्र रिपोर्टची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.