केए पासिंगची जुनी बाईक महाराष्ट्रात नावावर कशी करायची? वर्षभर थांबलं तर चालतं का?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. बेळगावहून पाच वर्षं जुनी बाईक घेताय, तर एनओसी, म्हणजे आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, कोणी काढायची. कोल्हापुरात टॅक्स पुन्हा भरावा लागेल का. आणि एजंट म्हणतो तसं बारा महिने केए नंबरवर काहीच न करता फिरता येतं का. शेवटच्यापासून सुरू करतो, सगळा घोळ तिथेच आहे.

बारा महिन्यांची गोष्ट एजंटने मनाने रचलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मध्ये ती आहे: एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, की तिथला नंबर घ्यावा लागतो. ही सवलत उपयोगी पडते ती गाडी आधीपासून स्वतःच्या नावावर असणाऱ्याला, म्हणजे बदली होऊन गाडीसकट आलेल्या माणसाला. तुम्ही तर गाडी विकत घेताय. तुम्हाला कलम ५० लागतं. त्यात घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या भागातल्या आरटीओला कळवायचं असतं, आणि गाडी परराज्यातली असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात. एजंटने कलम खरं सांगितलं, फक्त ते तुमचं नाही.

आता एनओसी. ती विकणाऱ्यानेच काढायची, त्याच्या आरटीओतून, फॉर्म २८ भरून. आधी कर्नाटकातच तुमच्या नावावर करून घ्यायची आणि मग इकडे आणायची, असा द्राविडी प्राणायाम करू नका. त्याच्या नावाची एनओसी आणि त्याच्या सह्यांचे फॉर्म २९ व ३० (आरटीओच्या बाहेर यांना टीटीओचे, म्हणजे मालकी बदलाचे, फॉर्म म्हणतात) एवढं घेऊन या. इथे फॉर्म २७ जोडला की नाव बदलणं आणि एमएच नंबर, दोन्ही एकाच फेरीत होतं.

तीन वर्षांपूर्वी मी नेमकी हीच उलाढाल केली, तीही बेळगावातूनच. विकणारे काका फोनवर ठणकावून सांगत होते, “एनओसी हातात आहे, या आणि गाडी घेऊन जा.” गेलो. चहा झाला, गाडीवर एक चक्कर झाली, पैसे द्यायची वेळ आली तेव्हा काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. तो कर्ज फिटल्याचा बँकेचा कागद होता. त्यालाही एनओसीच म्हणतात! त्या कागदाने फार तर आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरतो, फॉर्म ३५ सोबत दिला तर. दुसऱ्या राज्यात गाडी नोंदवायला लागते ती आरटीओची एनओसी, आणि ती वेगळी. काकांचा डाव वगैरे नव्हता, त्यांना स्वतःलाच फरक माहीत नव्हता. म्हणून फोनवर “एनओसी आहे का” असं विचारूच नका. “फॉर्म २८ वर आरटीओचा सही-शिक्का झालाय का” असं विचारा.

मी थोडा विसार देऊन परत आलो. पुढची चूक मात्र शंभर टक्के माझी. एनओसी मोघम ‘महाराष्ट्रासाठी’ मिळत नाही, ती एका ठरावीक आरटीओच्या नावाने असते. माझ्या आधारवर तेव्हा पुण्याचा जुना पत्ता होता, म्हणून मी काकांना डोळे झाकून एमएच १२ सांगितलं. राहतो कोल्हापुरात, म्हणजे हवं होतं एमएच ०९. खिडकीवरच्या बाईंनी कागद एकदा पाहिला आणि म्हणाल्या, “ही पुण्याची आहे.” झालं. ती रद्द करून नवी काढायची, तर अर्ज पुन्हा काकांनीच करायचा, कारण गाडी अजून त्यांच्या नावावर आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. काका भला माणूस निघाला म्हणून निभावलं. पैसे पूर्ण मिळाल्यावर फोन न उचलणारे विक्रेते मी नंतर मित्रांच्या व्यवहारांत पाहिलेत. तेव्हा निदान शेवटचा हप्ता, रक्कम कितीही असो, बरोबर आरटीओच्या नावाची एनओसी हातात पडेपर्यंत आपल्याकडेच ठेवा.

विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर एक गोष्ट त्याच्या कानावर घाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, गाडी प्रत्यक्षात कोणाला का विकलेली असेना. माझ्या काकांना हे सांगितल्यावर दुसऱ्या एनओसीसाठी ते माझ्याआधी आरटीओत हजर होते. शिवाय अर्ज केल्यापासून ३० दिवसांत आरटीओने नकार कळवला नाही तर ना हरकत दिली असं कायदा मानतो (कलम ४८). पण त्या तरतुदीवर विसंबून कागदाशिवाय इकडच्या खिडकीवर उभं राहायची माझी तरी छाती झाली नसती.

गाडी बघायला जाताना एक पेन्सिल आणि पातळ कागद न्या. चेसिस नंबरचा ठसा फॉर्मवर लागतोच, तो तिथेच घेऊन बघा. बहुतेक बाईकना हा नंबर हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर उजव्या बाजूला कोरलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने मळ पुसा, कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. माझ्या गाडीवर ग्रीसचा थर एवढा होता की पहिल्या दोन कागदांवर नुसता काळा ढग उमटला. सतरा अक्षरं-आकडे आरसीशी एकेक करून जुळवा. त्यात इंग्रजीतली ओ, आय आणि क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसेल ते शून्य समजा. एखादा आकडा घासलेला किंवा पुन्हा ठोकल्यासारखा वाटला तर सरळ घरी या, गाडी कितीही आवडली असली तरी. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बोजा, विमा, आरसीची मुदत आणि थकलेली चलानंही आदल्या रात्रीच बघून ठेवा.

टॅक्स: हो, इथे भरावा लागतो. कर्नाटकात भरलेला लाइफ टॅक्स महाराष्ट्राच्या तिजोरीत आलेला नसतो. इथला एकरकमी कर गाडीची मूळ किंमत, इंजिनाचे सीसी आणि गाडीचं वय बघून ठरतो. जुन्या गाडीला कमी बसतो. मूळ किंमत दाखवायला शोरूमचं पहिलं बिल लागतं, आणि तोच कागद लोक हमखास हरवतात. विकणाऱ्याकडून ते आठवणीने मागून घ्या. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा काही भाग परत मागता येतो, पण तो अर्ज नवीन नोंदणी झाल्यावर तिकडे करायचा असतो. ते पैसे कोणाचे, हे विक्रेत्याशी आधीच कागदावर ठरवा. पाच वर्षांच्या गाडीला हा खटाटोप करण्यात अर्थ आहे. बारा-तेरा वर्षांची असती तर मी म्हटलं असतं, इथलीच एमएच बघा. नंबर नवा मिळाला तरी नोंदणीची १५ वर्षं पहिल्या तारखेपासूनच मोजतात, ती नव्याने सुरू होत नाहीत.

आरटीओची फी या सगळ्यात किरकोळ, काही शेकड्यांत. एजंट हवाच असं नाही, पण सुट्ट्या मिळत नसतील तर घ्या, त्यात कमीपणा कसला? मात्र गाडी निरीक्षकाला प्रत्यक्ष दाखवावी लागते, ते काम फोनवर होत नाही. त्या दिवशी आरसे, इंडिकेटर, हॉर्न जागच्या जागी असू द्या आणि सायलेन्सर कंपनीचाच बसवून न्या.

विम्याचं तेवढं लगेच करा. गाडी घेतल्यावर थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे आला असं कायदा धरतो, पण पॉलिसीवर नाव बदलायला विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही आणि तुमच्याच गाडीचं नुकसान झालं, तर क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचाच राहतो, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल. एमएच नंबर आला की पॉलिसीवर तो चढवून घ्यायला पुन्हा एकदा कंपनीकडे जा, आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवा. मधल्या काळात केए नंबरवर गाडी चालवता येते. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि एनओसीची प्रत सोबत ठेवा. कागलच्या नाक्याजवळ मला एकदा थांबवलं होतं, हे चारही कागद बघून हवालदार फक्त एवढंच म्हणाला, “लवकर पासिंग करून घ्या.”