भावाला दारू सोडायची आहे. कराडच्या आसपास एएची मीटिंग कशी शोधायची आणि तिथे नेमकं काय होतं? गावात कुणी बघेल याची भीती वाटते. आणि वहिनी, ती आता कुणाशी बोलत नाही.

ताई, भाऊ स्वतःहून ‘सोडायचीय’ म्हणतोय, तर आज-उद्यातच फोन करा. पिणाऱ्याची ही तयारी दोन दिवसांत विरते. मी स्वतः एएमुळे, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेमुळे, दारूपासून लांब आहे, म्हणून घाई करा असं कळकळीने सांगतोय.

एएच्या भारतातल्या जनरल सर्व्हिस ऑफिसची वेबसाइट आहे. तिच्यावर मीटिंगांची माहिती आणि हेल्पलाइन नंबर मिळतात. पण नुसत्या यादीवर विसंबू नका. ग्रुपची जागा बदलते, वार बदलतो, आणि ग्रुप ज्या शाळेत भरतो तिला सुट्टी लागली की कधीकधी मीटिंग दुसरीकडे भरते. नंबरावर बोलून ‘मराठी ग्रुप कुठला, या आठवड्यात कुठे भरतोय’ एवढं विचारा. फोन शक्यतो भावालाच करू द्या. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा स्वतः दारूतून बाहेर आलेला असतो. तो उपदेश करत बसत नाही, आपली हकीकत सांगतो आणि ‘येतोस का? मी बाहेर उभा राहतो’ म्हणतो. दारापर्यंत येऊन परत फिरणारे खूप असतात. बाहेर कुणी वाट बघत असेल तर पाय आत पडतो.

गावात कुणी बघेल ही तुमची भीती खरी आहे. म्हणून पहिल्या काही मीटिंगा सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला कुठे मिळतात ते विचारा. एसटीने जाऊन यायचं. ऑनलाइन मीटिंगाही होतात, पण माझं मत विचाराल तर सुरुवात समोरासमोरच व्हावी. मोबाइलवर कॅमेरा बंद करून लपता येतं.

आत काय होतं? बऱ्याच ठिकाणी महापालिकेच्या शाळेचा वर्ग असतो, कुठे चर्चचा हॉल. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसलेली असतात. भिंतीवर दारूपासून लांब राहण्यासाठीच्या एएच्या बारा पायऱ्यांचा फलक टांगलेला असतो. एक जण मीटिंग चालवतो, बाकीचे एकेक करून बोलतात, त्याला शेअरिंग म्हणतात. ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ एवढीच ओळख, आडनाव कुणी विचारत नाही. एक जण बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही आणि सल्लाही देत नाही. भावाला बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की झालं. रिक्षावाला, प्राध्यापक, बँकेतला साहेब एकाच बाकावर असतात आणि तिघांनीही बायकोच्या कपाटातून पैसे काढलेले असतात. ते ऐकताना ‘असा मी एकटाच’ हा समज गळून पडतो. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, इच्छा असेल तर दहा-वीस रुपये टाकायचे, नाहीतर पुढे सरकवायची. बाहेरच्या कुणाची देणगी एए घेत नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. प्रार्थना होते, ईश्वराचा उल्लेखही येतो, पण कुठल्या धर्माचा आग्रह नसतो. अनेक नास्तिक मंडळी वर्षानुवर्षं येताहेत.

एक ग्रुप पटला नाही म्हणून सोडून देऊ नये. माणसं वेगळी, त्यामुळे वातावरणही वेगळं. निदान चार-पाच ठिकाणी बसून बघू द्या. मग ज्याचं बोलणं मनाला भिडेल अशा जुन्या माणसाला स्पॉन्सर व्हायला सांगायचं. संध्याकाळी प्यायची ओढ लागली की ज्याला फोन करायचा तो हा माणूस.

आता एक गोष्ट मीटिंगच्याही आधीची. भाऊ रोज, सकाळपासून पीत असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, घाम, झटके, भास होणं, असं काहीही होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात दाखवा. चहातून गुपचूप द्यायच्या औषधांच्या जाहिराती येतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. अशा औषधावर त्याने वरून दारू घेतली तर जीव धोक्यात येतो. भरती करायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण आहे, 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. शासनाची 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइनही आहे. केंद्रातून बाहेर पडल्यावरही मीटिंग चालूच ठेवायची.

वहिनींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘ती आता कुणाशी बोलत नाही.’ त्यांच्यासाठी अल-अॅनॉन हा घरच्या माणसांचा वेगळा ग्रुप असतो. भाऊ मीटिंगला गेला किंवा नाही गेला, तरी त्या जाऊ शकतात. हेल्पलाइनवर बोलाल तेव्हा त्याचीही चौकशी करा, आणि पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत तुम्ही जा.