डबल बास (उभ्याने वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) आणि तबला अशी दोनच वाद्यं आहेत, डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा) बासखाली दबतो. काय बदलावं?

तुमची रचना रूपक या सात मात्रांच्या तालात आहे, बास बोटांनी छेडायचा आहे आणि तालमीत खालचा सगळा आवाज घुमतो, असं तुम्ही लिहिलंय. माइकच्या मागे लागण्याआधी बासचे स्वर कुठे पडतात ते तपासा. बासच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी म्हणजे साधारण 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झ. बहुतेक डग्ग्यांचा उघडा बोल 'घे' वरच्या दोन तारांच्या आसपासच बोलतो. डग्गा 70 वर आणि डी तार 73 वर असेल, तर सेकंदाला तीन हेलकावे येतात, म्हणजे आवाज तेवढ्या वेळा कमीजास्त होतो. तुम्हाला जे घुमणं वाटतंय ते बहुधा हेच. डग्ग्याचा सूर थोडा हलवून त्या तारेपासून स्पष्ट दूर न्या.

पण खरा उपाय ठेक्यातच आहे. रूपकचा ठेका ती ती ना | धी ना | धी ना. समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेलाच, खाली (टाळी न देता हात नुसता उघडून दाखवतात ती मात्रा), म्हणून पहिल्या तीन मात्रांत डग्गा गप्प असतो. बासचे सगळ्यात खालचे स्वर तिथे ठेवा आणि चौथ्या मात्रेला 'धी' आला की बास वर न्या: जी तारेच्या वरच्या स्वरांवर किंवा हार्मोनिकवर (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला उंच स्वर). तीनतालात ही मोकळी जागा नवव्या मात्रेला मिळत नाही, कारण ठेक्यात तिथे 'धा' आहे. डग्गा 10 ते 13 या मात्रांत थांबतो. खाली नवव्याला म्हणून बासचा खालचा स्वर तिथेच टाकला, की गल्लत होते.

छेडलेली मोकळी तार चांगलीच लांबते. चौथ्या मात्रेवर खालच्या स्वराचा विराम ठळक लिहा आणि तार डाव्या हाताने बंद करायची खूणही द्या, नाहीतर वादक ती वाजत ठेवतो.

तबला (जोडीतला उजवा) पेटीच्या पांढरी दोनला लावा, म्हणजे डी. सव्वापाच ते साडेपाच इंची पुडी (वरचं कातडं) त्यासाठी सोयीची. काळी एकच्या (सी शार्प) तबल्याला ठोकून ठोकून वर चढवू नका, पुडी ताणून बोल कोरडा पडतो. जुळवणी अशी करा: बासवादकाने डी तारेच्या एक चतुर्थांशावर (नटपासून, म्हणजे तारेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून, सुमारे 26 सेंटिमीटर) बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवायचा, मग जी तारेच्या एक तृतीयांशावर. दोन्हीकडून 294 हर्ट्झचा तोच डी येतो. तो ऐकत तबलजीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलके ठोके देत चाटेचा (पुडीच्या काठाचा) 'ना' घराघराने, म्हणजे वादीच्या एकेका जागेला, मिळवायचा. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल असतात (सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच हे मांडलं होतं), त्यामुळे किंचित बेसूर तबलाही इथे लगेच उघडा पडतो. फ्रेम ड्रमला एवढी सूट मिळते, तबल्याला नाही.

वातानुकूलित सभागृहात वाद्यं किमान अर्धा तास आधी उघडी ठेवा. पुडी सुकून चढते, तारा तेवढ्या हलत नाहीत.

बैठकीचंही पाहा. बासवादक उभा, तबलजी जमिनीवर, यात नजरानजर होत नाही. तबलजीला फूट-दीड फूट उंच चौथरा द्या. बासची खालची, जमिनीवर टेकणारी सळई मात्र त्या पोकळ चौथऱ्यावर टेकू देऊ नका, चौथराच घुमायला लागेल.

लिहिताना बास लेखनापेक्षा एक सप्तक खाली वाजतो हे धरून चाला. हार्मोनिकला बोटाची जागा आणि प्रत्यक्ष स्वर दोन्ही लिहा. तबल्याला पाच रेघा नकोत, बोल मात्रांखाली नीट बसवले की पुरे. बासवादक एडगर मेयर आणि झाकीर हुसेन यांचं एकत्र वादन ऐका, बास गजाने वाजत असताना डग्ग्याला किती मोकळी जागा मिळते ते कळेल.