दरड, वादळ आणि आपली सुट्टी

प्रश्न : आमच्या ग्रुपचा इर्शाळगड ट्रेक ठरलाय. वाटेत इर्शाळवाडी लागते. पाच मिनिटं थांबून फोटो काढले तर काय बिघडलं? (मुलुंड)

बिघडतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं, तेव्हा ५७ माणसं बेपत्ताच होती. ती त्याच मातीखाली आहेत. ज्या ठाकर घरांत ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं भाकरी खाऊन, बाटल्या भरून पुढे जायची, ती घरंही तिथेच गाडली गेली. स्मशानात फोन खिशात ठेवतो ना, तसा ठेवा. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नका आणि एरवीही वाट खुली आहे का ते आधी विचारा. वाचलेल्या कुटुंबांपैकी कुणी वाटाड्या म्हणून आला तर उत्तमच, दिवसाचे पैसे नीट द्या. पण "त्या रात्री नेमकं काय झालं हो?" हे विचारू नका. आपणहून बोलला तर ऐका.

प्रश्न : वायनाडचं बुकिंग केलंय. आई म्हणते, माणसं मेली तिथे मजा करायला कसले जाता? (बोरिवली)

आईंचं मन मोठं, पण त्यांना नकाशा दाखवा. ३० जुलै २०२४ ची दरड मेप्पाडी पंचायतीतल्या मुंडक्कई-चूरलमलावर आली. सुलतान बत्तेरी, एडक्कल गुहा तिथून बऱ्याच लांब. बातम्यांत नाव मात्र अख्ख्या जिल्ह्याचं आलं आणि पाहुणे सगळीकडचेच आटले. जा. फक्त ड्रायव्हर "चूरलमला दाखवतो" म्हणाला तर नको म्हणा.

प्रश्न : पूरग्रस्तांसाठी जुने कपडे नेऊ का? (गिरगाव)

नको. आधी फोन करून काय हवंय ते विचारा.

प्रश्न : श्रीवर्धनला दरवर्षी एकाच घरी उतरतो. निसर्ग वादळानंतर त्यांनी दर वाढवले, मोदकांचे पैसेही वेगळे लावतात. ही लूट नाही का? (दादर)

माझं मत तुम्हाला आवडणार नाही. ३ जून २०२० च्या त्या वादळात पोफळी कंबरेत मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. पोफळ नव्याने लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळाचंही तेच. तोवर घर चालायचं ते पाहुण्यांच्या दोन खोल्यांवर. वादळानंतर मी तिकडे एका घरी उतरलो होतो. काकू विळीवर नारळ खवत होत्या. मी मोदक सांगितले, तर म्हणाल्या, "किती खाणार ते आत्ताच सांगा, नारळ बाजारातून आणावा लागतो." मागे त्यांचीच वाडी होती, निम्मी मोकळी.